टोचलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही: टाइप १ मधुमेह आणि व्यायामाची शंभर वर्षं

टाइप १ मधुमेह असलेलं मूल घरात असलं की एक सल्ला हमखास मिळतो: "रोज पळवा त्याला, शुगर आपोआप खाली येईल." सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टाइप २ मधुमेह असतो आणि तिथे तो सल्ला योग्यही आहे. टाइप १ मध्ये शरीर स्वतः इन्सुलिन (रक्तातली साखर उतरवणारं संप्रेरक) जवळजवळ बनवतच नाही, ते टोचून घ्यावं लागतं; त्यामुळे तिथे मात्र शुगर फार खाली येण्याचीच धास्ती असते. कधी कधी तर पळून आल्यावर ती वर गेलेली दिसते. हा गोंधळ दोन आजारांना एकच नाव असल्यामुळे झाला आहे आणि तो इन्सुलिनच्याही आधीपासूनचा आहे.

इन्सुलिन नव्हतं तेव्हा टाइप १ झालेल्या मुलाच्या हातात फार तर एक-दोन वर्षं असत. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांचा उपवासाचा उपचार चाले. खाणं इतकं कमी करायचं की लघवीत साखरच उतरू नये. याच अ‍ॅलन यांनी १९१९ च्या सुमारास नोंदवलं होतं की व्यायामाने काही रुग्णांच्या रक्तातली साखर उतरते. पण ज्यांच्या शरीरात थोडं तरी इन्सुलिन शिल्लक होतं, त्यांनाच हे लागू पडत होतं. ज्या मुलांच्या अंगात ते अजिबात उरलं नव्हतं, त्यांना श्रमाने बळ मिळणार तरी कुठून?

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. स्वादुपिंडापासून काढलेल्या त्या अर्काचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा टोचला आणि त्या वेळी साखर खरोखर उतरली. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि जॉन मॅक्लाउड यांची ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. व्यायामाची गोष्ट मात्र तिथून पुढे सुरू होते.

तिचं पहिलं ठळक नाव रॉबर्ट लॉरेन्स. लंडनचे हे तरुण डॉक्टर स्वतः टाइप १ चे रुग्ण होते. मरण जवळ आलंय अशा समजुतीने ते फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये सहकाऱ्याचा निरोप पोचला की इन्सुलिन मिळालं आहे, लगेच ये. ते परतले आणि पुढे १९६८ पर्यंत जगले. १९२६ मध्ये त्यांनी व्यायामाचा इन्सुलिनच्या परिणामावर काय फरक पडतो यावर निबंध प्रसिद्ध केला. अंगमेहनत झाली की टोचलेल्या इन्सुलिनचा जोर वाढतो, म्हणून त्या दिवशी डोस कमी करावा किंवा जास्त खावं, हा त्याचा गाभा. आज डॉक्टर जे सांगतात त्याचा पाया शंभर वर्षांपूर्वी असा एका रुग्णाने घातला, याचं मला फार मोल वाटतं.

असं का होतं? निरोगी माणूस धावू लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं. स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेऊ शकतात, आणि यकृत तेवढीच नवी साखर रक्तात सोडत राहतं. त्यामुळे जमाखर्च जुळतो. टाइप १ मध्ये दुपारी टोचलेलं इन्सुलिन मात्र संध्याकाळी मैदानावरही काम करतच असतं. ते परत घेता येत नाही. स्नायू साखर ओढतात, इन्सुलिनही ओढतं आणि वर यकृताचा हातही तेच धरून ठेवतं. या आजारात व्यायामाबद्दल जे काही शोधलं गेलं, ते या एका अडचणीभोवती फिरतं.

बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ एलियट जोसलिन आहार, इन्सुलिन आणि व्यायाम यांना एकाच रथाचे तीन घोडे म्हणत. विचार चांगला होता, पण सारथ्याला रस्ता दिसतच नव्हता. त्या काळची घरगुती तपासणी अशी: परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटकरी झालं तर भरपूर. आता यातली अडचण पाहा. रक्तात साधारण १८० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे शुगरचे आकडेही याच मापात) वर गेल्याशिवाय साखर लघवीत उतरत नाही. म्हणजे १५० असो की ४०, नळीतला रंग निळाच. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी गेल्या काही तासांची हकिगत सांगते, आत्ताची नाही. खेळायला निघालेल्या मुलाला हवी असते ती नेमकी आत्ताची शुगर.

अशा परिस्थितीत डॉक्टर आणि शाळा मुलांना बसवून ठेवत, याचं नवल नाही. अमेरिकन टेनिसपटू बिल टॅलबर्ट यांना दहाव्या वर्षी मधुमेहाचं निदान झालं आणि दगदगीचे खेळ बंद झाले. काही वर्षांनी टेनिसची परवानगी मिळाली, आणि पुढे त्यांनी अमेरिकेचं पुरुष दुहेरीचं राष्ट्रीय विजेतेपद चार वेळा पटकावलं. पण परवानगी न मिळालेली मुलं किती असतील, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

१९७० च्या दशकात मात्र प्रश्नांची उत्तरं मिळू लागली. १९७७ मध्ये मायकेल बर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अंगात इन्सुलिनच कमी पडलं असेल, कीटोन (साखर वापरता न आल्याने चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढले असतील, तर व्यायामाने साखर आणि कीटोन दोन्ही आणखी चढतात. पळून शुगर वर कशी गेली, या कोड्याचा एक उलगडा इथे झाला. पुढच्याच वर्षी कोइव्हिस्तो आणि फेलिग यांनी पाहिलं की मांडीत टोचून लगेच पाय चालवले तर इन्सुलिन लवकर शोषलं जातं. म्हणून सायकल चालवण्याआधी मांडीत टोचू नका, असं सांगतात. १९८७ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी उशिरा येणाऱ्या हायपोची, म्हणजे शुगर धोकादायक खाली जाण्याची, नोंद केली, ती व्यायामानंतर बहुधा ६ ते १५ तासांनी, म्हणजे बऱ्याचदा मध्यरात्री. रिकाम्या झालेल्या स्नायूंमध्ये साखरेचा साठा परत भरला जात असतो, म्हणून ही घसरण होते.

हे शेवटचं वाक्य आमच्या घरात कागदावर राहिलेलं नाही. टाइप १ असलेल्या माझ्या मुलीचा संध्याकाळी फुटबॉलचा सामना झाला होता. जेवताना १५२, झोपताना १४०, सगळं ठीक वाटलं. पहाटे पावणेतीनला तिच्या अंगावरचा शुगर मोजणारा सेन्सर वाजला: ५८. अर्ध्या झोपेत तिने ग्लुकोजच्या गोळ्या चावल्या आणि पंधरा मिनिटं मी पलंगाच्या कडेला तिचं मनगट धरून बसले. पुढचा आकडा ८१ आला. सामना संपून तेव्हा नऊ तास झाले होते. आता खेळाच्या दिवशी रात्रीचं बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, सतत लागणारं इन्सुलिन) आम्ही डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे कमी करतो.

बोटाला टोचून घरच्या घरी रक्त तपासणं १९७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी रुळू लागलं. खेळायला निघताना आत्ताचा आकडा पहिल्यांदाच हाती येऊ लागला. १९८५ मध्ये अमेरिकेत मधुमेही खेळाडूंची स्वतःची संघटना उभी राहिली आणि कोणता खेळ, किती इन्सुलिन, किती खाणं, हे अनुभव खेळाडू एकमेकांना सांगू लागले. १९९७ मध्ये निदान झालेला वासिम अक्रम त्यानंतरही कित्येक वर्षं वेगवान गोलंदाजी करत राहिला. १९९९ मध्ये निदान झालेल्या जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियरने २००० आणि २००४ अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरचं सुवर्ण जिंकलं.

याच काळात रोजचं उद्दिष्टही बदललं. पूर्वी ते होतं साखरमुक्त लघवी. १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ जणांवर झालेल्या डीसीसीटी या अभ्यासाने सिद्ध केलं की साखर काटेकोर राखली तर डोळे, मूत्रपिंड आणि नसा वाचतात. त्यानंतर सगळं लक्ष एचबीएवनसी या, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या, आकड्यावर गेलं. पण त्याच अभ्यासात काटेकोर गटात गंभीर हायपो जवळपास तिपटीने वाढले होते. अनेकांनी व्यायाम टाळला तो आळसाने नाही, या भीतीने. आणि नुसती सरासरी सांगणारा एचबीएवनसी खेळाच्या संध्याकाळबद्दल काहीच सांगत नाही. टाइप १ मध्ये व्यायामाने तो उतरेलच असंही नाही. त्यामुळे 'इतकं पळूनही एचबीएवनसी तोच' म्हणून मुलाला बोल लावणं अन्यायाचं आहे. हृदय, रक्तदाब, दम, झोप, मन यांना होणारा फायदा त्या आकड्यात उतरत नाही.

पुढचे शोध तर मला आनंद देतात. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की मध्यम व्यायामानंतर फक्त १० सेकंद जीव तोडून धावलं तर त्यानंतरची घसरण काही काळ थांबते, कारण अंगातली अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात. २०१२ मध्ये जेन यार्डली आणि सहकाऱ्यांना दिसलं की आधी वजनं उचलून मग धावलं तर धावताना शुगर जास्त स्थिर राहते. २०१७ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून मार्गदर्शन लिहिलं. बहुतेकांनी १२६ ते १८० च्या दरम्यान असताना सुरुवात करावी. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम ग्लुकोज घेऊन थांबावं. कारण नसताना २७० च्या वर असेल तर कीटोन पाहावेत, आणि रक्तातले कीटोन १.५ (मिलिमोल प्रति लिटर) किंवा जास्त निघाले तर त्या दिवशी खेळू नये.

२०१९ मध्ये सेन्सरच्या आकड्यांसाठी 'टाइम इन रेंज' हे उद्दिष्ट ठरलं: बहुतेक प्रौढांसाठी दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये. हे मला जास्त माणुसकीचं वाटतं, कारण यात एका वाईट संध्याकाळीने सगळं वाया जात नाही. सेन्सरलाही मर्यादा आहेच. तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून शुगर झपाट्याने घसरत असताना तो काही मिनिटं मागे असतो. ९५ आणि खाली जाणारा बाण दिसला की आम्ही ८० समजून वागतो.

२०१६ पासून सेन्सर पाहून बेसल स्वतः कमी-जास्त करणारे इन्सुलिनचे पंप आले. तरीही अंगात गेलेलं इन्सुलिन त्यांनाही मागे घेता येत नाही, म्हणून व्यायामाची कल्पना पंपाला एक-दोन तास आधी द्यावी लागते. मुलीचा सराव पाचला असतो. साडेतीनला, शाळेतून परतताना, ती पंप हातात घेऊन शुगरचं लक्ष्य वाढवते, म्हणजे तो इन्सुलिन कमी सोडेल, आणि मग बुटांच्या लेस बांधायला बसते.