अंगावर पांढरं जाणं आणि विनाकारण संशय
कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात भाताच्या लावणीला गेलेल्या बायकांची ओली साडी दिवसभर अंगावरच वाळते आणि घरी दुसऱ्या साडीखाली लपवून दोरीवर टाकलेले आतले कपडे सकाळीही दमटच असतात. अशा दिवसांत खाज, जळजळ आणि दह्याच्या चोथ्यासारखा स्राव सुरू झाला, तरी बाई बोलत नाही, कारण ‘अंगावर पांढरं जातंय’ म्हटले की घरच्यांना तिच्या किंवा नवऱ्याच्या वागण्याचा संशय येतो. या लक्षणांमागे बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी असते आणि तिचा संसर्ग हा गुप्तरोग नव्हे.

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची वस्ती असते. १८९२ मध्ये जर्मन डॉक्टर आल्बर्ट डोडरलाइन यांनी त्यांचे वर्णन केले. योनीच्या अस्तरातल्या ग्लायकोजेन या साठवलेल्या साखरेपासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणजे दही ज्यामुळे आंबट होते तेच आम्ल, आणि त्यामुळे तिथला पीएच (आंबटपणा दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहून इतर जंतूंना आळा बसतो. कॅन्डिडा मात्र या आम्लातही तग धरते. अनेक निरोगी स्त्रियांच्या शरीरात ती थोड्या प्रमाणात असतेच. प्रतिजैविकांचा कोर्स, गर्भारपण, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा सततचा ओलावा यांमुळे ती फोफावते.

स्राव पातळ, करडा आणि मासळीसारख्या वासाचा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे लॅक्टोबॅसिलस घटून दुसरे जिवाणू वाढलेले असतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. शरीरसंबंधांशी या विकाराचे काही नाते असले, तरी रूढ अर्थाने तोही गुप्तरोग मानला जात नाही. स्रावाचा थेंब पीएच दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर टेकवला की बदललेल्या रंगावरून हा फरक बराचसा कळतो. बुरशीवर क्लोट्रिमाझोल, तर या जिवाणूंवर मेट्रोनिडाझोल चालते; शेजारणीची उरलेली गोळी म्हणूनच उपयोगी पडेलच असे नाही. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुणे तर टाळायलाच हवे, कारण त्याने राखणदार जिवाणूच आधी मरतात.

त्रास वारंवार होत असेल, तर रक्तातील साखर तपासावी. ओटीपोटात दुखणे, ताप किंवा गर्भारपण असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे डॉक्टर फक्त कन्नड बोलत असतील, तर ‘बिळि सेरगु’, म्हणजे पांढरा पदर, एवढे दोन शब्द म्हटले तरी त्यांना नेमके कळते.