मिरियम मकेबा आणि १९८७ चा वादग्रस्त दौरा : पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकी गायिका मिरियम मकेबा यांची गाणी जगभर पोहोचली असली, तरी त्यांच्या कारकिर्दीविषयी आजही मतभेद होतात ते १९८७ मधील एका निर्णयावरून. त्या वर्षी अमेरिकी गायक पॉल सायमन याच्या ‘ग्रेसलँड’ या अल्बमच्या दौऱ्यात त्या सहभागी झाल्या आणि दक्षिण आफ्रिकेवरील सांस्कृतिक बहिष्कार त्यांनी दुबळा केला, असा आक्षेप वर्णभेदविरोधी चळवळीतूनच घेतला गेला.

१९३२ मध्ये जोहान्सबर्ग येथे जन्मलेल्या मकेबा १९५९ मध्ये देशाबाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी आईच्या अंत्यविधीसाठी परतायला निघाल्या असता आपला पासपोर्ट रद्द झाल्याचे त्यांना कळले. १९६३ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे साक्ष देऊन शस्त्रबंदीची मागणी केली, तेव्हा मायदेशात त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवर बंदी आली आणि नागरिकत्वही गेले. १९६८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील एका नेत्याशी विवाह केल्यावर अमेरिकेतील कार्यक्रम आणि करारही हातचे गेले, आणि त्या गिनीला स्थायिक झाल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९८० मध्ये कलावंतांना दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले होते. सन सिटी या आलिशान करमणूक केंद्रासारख्या ठिकाणी भरघोस मानधन घेऊन गाणाऱ्यांना हा ठराव उघडच लागू होता. परंतु दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे काय, याविषयी एकवाक्यता नव्हती. सायमनने १९८५ मध्ये जोहान्सबर्गला नेमके हेच केले आणि मुक्तिचळवळीची संमतीही मागितली नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता अपवाद ठरवला तर बहिष्कारच उरणार नाही, हा टीकाकारांचा मुद्दा वजनदार होता आणि तो कोणी हलका लेखू नये.

तथापि एप्रिल १९८७ मध्ये लंडनमध्ये या दौऱ्याच्या कार्यक्रमाच्या सभागृहाबाहेर निदर्शने होत होती, तेव्हा आत रंगमंचावर मकेबांसह दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले कलावंत गात-वाजवत होते. वर्णभेदी राजवटीने ज्यांचा आवाज दाबला त्यांनाच बहिष्काराने पुन्हा गप्प करू नये, ही त्यांची भूमिका होती. निर्बंधांची मागणी १९६३ मध्येच करून तिची किंमत मोजलेल्या गायिकेला सन सिटीत गाणाऱ्यांच्या रांगेत बसवणे मुळातच अन्यायाचे होते. शिवाय फेब्रुवारीत याच दौऱ्याने त्यांना हरारेत, म्हणजे मायदेशाला लागून असलेल्या स्वतंत्र झिम्बाब्वेच्या राजधानीत, गाण्याची संधी दिली होती.

जून १९९० मध्ये, सुमारे तीन दशकांनंतर, मकेबा फ्रेंच पासपोर्टवर मायदेशी परतल्या. पुढे २००८ मध्ये इटलीतील कार्यक्रमानंतर निधन होईपर्यंत त्या गातच राहिल्या. सांस्कृतिक निर्बंध १९९१ च्या अखेरीस उठले, पण त्यामुळे प्रश्न मिटला नाही : जानेवारी १९९२ मध्ये सायमन जोहान्सबर्गमध्ये कार्यक्रम करायला आला, तेव्हा मुक्तिचळवळीतील मुख्य प्रवाहाने त्याचे स्वागत केले, तर एका लहान गटाने त्याला कडाडून विरोध केला.