टँकर आणि ट्रान्सपोर्ट पायलट

हवाई दलात माणसं, सामान, गाड्या नेणारा किंवा उडत्या विमानात हवेतच इंधन भरून देणारा पायलट. बेसिक ट्रेनिंग झालं की फायटर, हेलिकॉप्टर, मल्टी-इंजिन अशा वाटा फुटतात, त्यातला मल्टी-इंजिनवाला इकडे येतो. आधी को-पायलट, मग कमांडर, मग इन्स्ट्रक्टर, आणि सगळा हिशोब उड्डाणाच्या तासांचा. नोकरी सुटल्यावर बरेच जण एअरलाइनकडे वळतात, अमेरिकेत तर लायसन्ससाठी इतरांना साधारण 1500 तास लागतात तिथे लष्करी पायलटला 750 वर को-पायलटचं लायसन्स मिळू शकतं.

ट्रान्सपोर्टचं काम म्हणजे नुसती हमाली असं वाटत असेल तर 1948-49 चं बर्लिन बघा, रस्ते आणि रेल्वे बंद असताना शहराचा अख्खा पश्चिम भाग विमानांनी जगवला, त्यात कोळसा सुद्धा होता.

टँकरची गंमत वेगळीच. खरं काम पायलटच्या पाठीमागे चालतं आणि त्याला ते दिसतच नाही. केसी-135 या अमेरिकन टँकरमध्ये बूम ऑपरेटर, म्हणजे इंधनाची नळी हाताळणारा, शेपटाकडे पोटावर पडून खिडकीतून बघत नळी जोडतो, मागच्या पायलटला टँकरच्या पोटाखालचे दिवे सांगतात वर ये, खाली जा, पुढे सरक. मागून एखादं मोठं विमान जवळ आलं की त्याने ढकललेल्या हवेमुळे टँकरचं शेपूट हलतं, पुढे बसलेल्याला तेवढ्यावरूनच कळतं की आला बाबा, आणि त्याने काय करायचं तर विमान गुळगुळीत उडवायचं. ऐकायला सोपं आहे, रात्री ढगात करून बघा.

शिवाय जे इंधन वाटायचं त्याच टाक्यांवर स्वतःची इंजिनं पण चालतात, म्हणजे किती द्यायचं आणि परतीला किती ठेवायचं हा हिशोब सतत डोक्यात. 1982 च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात एका व्हल्कन बॉम्बरला अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून फॉकलंडच्या राजधानीपर्यंत, स्टॅनलीपर्यंत, न्यायला ब्रिटिशांनी 11 व्हिक्टर टँकर उडवले, टँकरनीच टँकरना पाजत पाजत. शेवटच्या व्हिक्टरने इतकं देऊन टाकलं की त्याला स्वतःला परत असेन्शनपर्यंत पुरणार नव्हतं, तरी बॉम्ब पडल्याचा सांकेतिक शब्द येईपर्यंत त्याने रेडिओवर तोंड उघडलं नाही. नंतर मदत मागितली, दुसरा टँकर समोर आला, तेव्हा कुठे तो परत पोचला.