कॉम्पॅक्टर मागवण्याआधी गठ्ठे सोडा

अभिलेख कक्ष भरला की पहिला प्रस्ताव कॉम्पॅक्टरचा येतो. रुळांवर सरकणारी ही कपाटं मधल्या वाटा खाऊन टाकतात आणि त्याच खोलीत जवळपास दुप्पट दप्तर मावतं. वजनही दुप्पट होतं, ते मात्र प्रस्तावात सहसा नसतं.

ए-फोर आकाराचा 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) एक कागद 5 ग्रॅमचा. दाबून लावले तर मीटरभर फळीवर सुमारे 10,000 कागद, म्हणजे 50 किलो. फायली सैल असतात, म्हणून 90 सेंटिमीटरच्या फळीला 40 किलो धरू. सहा फळ्यांचं, 45 सेंटिमीटर खोल रॅक 240 किलोचं झालं, लोखंड वेगळं. त्याखाली जमीन जेमतेम 0.4 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 600 किलो. समोर तेवढीच वाट मोकळी असेल तर सरासरी 300 वर येते; वाट गेली की पुन्हा 600. इमारतींवरच्या भारासाठीच्या आयएस 875 या भारतीय मानकात कार्यालयीन खोल्यांसाठी चौरस मीटरला साधारण 250 ते 400 किलोच धरलेले आहेत. जादा भाराने स्लॅब थोडा जरी वाकला तरी रुळांची पातळी जाते आणि कपाटं अडकायला लागतात. तळमजल्यावर भाराची चिंता कमी, पण ओल जास्त: खालची फळी जमिनीपासून किमान 15 सेंटिमीटर वर हवी, आणि हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी आलीच.

खरी जागा निंदणीकरणातून, म्हणजे मुदत संपलेले कागद निवडून काढून टाकण्यातून निघते. कागद किती काळ ठेवायचा याची महाराष्ट्रातली वर्गवारी ओळखीची आहे: ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10, ‘क-1’ 5, ‘ड’ 1 वर्ष. समजा, एका कार्यालयात वर्षाला 40 मीटर फळी भरेल इतकं दप्तर जमतं: 4 मीटर ‘अ’, 8 ‘ब’, 16 ‘क’, 12 ‘ड’. काहीच काढलं नाही तर 30 वर्षांनी 1,200 मीटर. मुदतीनुसार काढत गेलं तर 120, 240, 160 आणि 12, मिळून 532 मीटर. निम्म्याहून कमी!

घोळ होतो तो एकाच फाइलीत. कायम ठेवायच्या आदेशामागे स्मरणपत्रं, पोचपावत्या आणि त्याच परिपत्रकाच्या चार प्रती लावलेल्या असतात; एका ‘अ’ कागदामुळे अख्खी फाइल कायमची होऊन बसते. म्हणून जादा प्रती आणि गंजणाऱ्या टाचण्या फाइल बंद करतानाच काढाव्यात आणि वर्ग व नाश करण्याचं वर्ष कव्हरवर तेव्हाच लिहावं. दहा वर्षांनी ते ठरवायला बसलेल्या लिपिकाला विषयच माहीत नसतो. मग जोखीम नको म्हणून तो सगळंच ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

स्कॅनिंग झालं म्हणून ‘अ’ वर्गाचा मूळ कागद फेकता येत नाही. जुन्याच्या बाबतीत तर केंद्राचा 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा फारच कडक आहे: 1892 पूर्वीचा कागद, तो कशालाही उपयोगी पडणार नाही इतका खराब झाल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. जे नष्ट होईल त्याची विषय आणि तारखांसह यादी करून ती कायम जपायची. माहिती अधिकारात अर्ज आला की पहिल्यांदा तीच शोधावी लागते.