मध्ययुगीन इंग्रजीतील फ्रेंच भाववाचक प्रत्यय

1066 मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडचा दरबार, न्यायालये आणि सरदारवर्ग फ्रेंच बोलू लागला. पुढच्या तीनशे-चारशे वर्षांत तिथून हजारो शब्द इंग्रजीत आले. त्यांच्यासोबत '-मेंट', '-एज', '-अन्स', '-री', '-इटी' हे भाववाचक नामे घडवणारे प्रत्ययही रुजले.

प्रत्यय सुटा उसना घेतला जात नाही. आधी अख्खे शब्द येतात. 'करेज' किंवा 'व्हॉयेज' या शब्दांत इंग्रजी माणसाला '-एज' वेगळा दिसण्याचे कारण नव्हते, कारण उरलेल्या तुकड्याला इंग्रजीत अर्थच नव्हता. 'जज' आणि 'जजमेंट', 'पे' आणि 'पेमेंट' अशा जोड्या भाषेत आल्या, तेव्हा मात्र सांधा दिसू लागला. 14व्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रास्ताविकात 'कोराजेस' आणि 'पिलग्रिमाजेस' ('करेज' आणि 'पिलग्रिमेज' यांची तेव्हाची अनेकवचने) यांचे यमक जुळते. तिथे आघात फ्रेंच वळणाने '-आज' वर पडतो, त्यामुळे तो कानालाही ठळक ऐकू येत असणार.

प्रत्यय इंग्रजीचा झाला याचा भक्कम पुरावा म्हणजे फ्रेंच नसलेल्या शब्दाला तो लागणे. 'एग' म्हणजे चिथावणे, हे क्रियापद स्कँडिनेव्हियन. त्यापासून घडलेले 'एगमेंट' चॉसरकडे सापडते. 'हिंडर' म्हणजे अडवणे, हे अस्सल इंग्रजी क्रियापद, त्याचे 'हिंडरन्स' 15व्या शतकातले. फ्रेंच नसलेल्या 'हजबंड'ला '-री' लागून झालेले, 1300 च्या सुमाराचे 'हजबंड्री' आधी घरकारभार आणि मग शेती या अर्थाने रूढ झाले. मराठीत 'दादा'ला फारसी '-गिरी' लागून 'दादागिरी' झाली, तीही याच जातीची.

उलट दिशेची जोडणी सोपी होती. 'जेंटल', 'फीबल' या फ्रेंच विशेषणांना देशी '-नेस' सहज लागे. त्यामुळे 14व्या-15व्या शतकांत 'नोब्लेस', 'नोबिलिटी' आणि 'नोबलनेस' असे एकाच अर्थाचे तिघे शेजारी नांदताना दिसतात.

सगळे प्रत्यय सारखे मोकळे झाले नाहीत. '-इटी' लॅटिन-फ्रेंच शब्दांनाच धरून राहिला. 'ऑड'चे 'ऑडिटी' व्हायला 18वे शतक उजाडले. तो मूळ शब्दाचे रूपही बदलतो: 'चेस्ट' (chaste, शीलवान) चे 'चॅस्टिटी' होते. '-नेस' असे काही करत नाही, म्हणून तो कुठेही बसतो.

व्युत्पत्ती लावताना काही चुका वारंवार होतात. 'बाँडेज'चा संबंध 'बांधणे'शी जोडला जातो. प्रत्यक्षात त्यातला 'बाँड' म्हणजे आधी शेतकरी, मग भूदास, आणि 'बाँडेज' म्हणजे त्याची स्थिती. बंधनाचा अर्थ नंतर चिकटला. 'नॉलेज'च्या शेवटी हा '-एज' नाहीच. त्याचे जुने रूप 'नॉलेच' असे होते. 'जजमेंट'सारखा शब्द तर पुराव्याला चालतच नाही, कारण तो फ्रेंचमध्येच तयार झाला होता.

सर्वांत मोठी फसगत 'रिचेस'ची झाली. हे 'श्रीमंती' या अर्थाचे, फ्रेंच '-एस' प्रत्ययाचे एकवचनी भाववाचक नाम. पण शेवटचा ध्वनी इंग्रजी कानाला अनेकवचनाचा वाटला, आणि आज 'रिचेस'ला अनेकवचनी क्रियापद लावले जाते.