गोठवलेले इंजिन आणि ‘विश्वासार्हता’ नावाची फट

८ ऑक्टोबर २००६, जपानमधल्या सुझुकाची फॉर्म्युला वन शर्यत. विजेतेपदाच्या शर्यतीतले दोघेही, मायकेल शूमाकर आणि फर्नांडो अलोन्सो, ११६ गुणांवर, आणि ५३ पैकी ३७व्या फेरीत आघाडीवरच्या शूमाकरच्या लाल फेरारीच्या मागून पांढरा धूर निघाला. त्या चालकाचे इंजिन ऐन शर्यतीत बसल्याची घटना २००० सालच्या फ्रेंच ग्रां प्रीनंतर प्रथमच घडत होती. सहा वर्षे दगा न दिलेले यंत्र नेमक्या त्या दुपारी फुटले आणि विजेतेपद हातचे गेले. ज्यांनी ते थेट पाहिले त्यांना तो धूर अजून आठवतो. त्याच हंगामाच्या अखेरीस सर्व कंपन्यांच्या व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनांचे आराखडे गोठवण्यात आले, म्हणजे त्यांत पुढे बदल करायला बंदी आली, याची आठवण मात्र फार कमी जणांना असते. आज इंजिनांच्या विकासावरच्या मर्यादेबद्दल जो वाद चालतो, त्याची मुळे त्या हंगामात आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकात पात्रता फेरीसाठी वेगळे टर्बो इंजिन लावायचे, हजाराहून जास्त अश्वशक्ती काढायची आणि चार-दोन फेऱ्यांनंतर ते भंगारात टाकायचे, हा रिवाज होता. १९८९ पासून टर्बो बंद झाले. १९९५ पासून क्षमता तीन लिटरवर आली, पण शक्ती काही खाली राहिली नाही. दहा वर्षांत व्ही-१० इंजिने ९०० अश्वशक्तीच्या पुढे आणि मिनिटाला १९,००० आवर्तनांच्या वर गेली. २००४ मध्ये नियम आला की पूर्ण शनिवार-रविवार एकच इंजिन, बदलले तर ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होतानाच्या रांगेत, दहा जागा मागे. २००५ मध्ये तेच इंजिन दोन शर्यतींना पुरवायचे झाले. टिकाऊपणाला शिक्षेची जोड मिळाली ती इथून.

२००६ च्या व्ही-८ चे नियम इंजिनाच्या अंगाअंगावर लिहिलेले होते. क्षमता २.४ लिटर, सिलिंडरांमधला कोन ९० अंश, सिलिंडरचा व्यास जास्तीत जास्त ९८ मिलिमीटर, वजन किमान ९५ किलो. हे आकडे कंटाळवाणे वाटतील, पण सगळी गोष्ट त्यांच्यात आहे. ९८ मिलिमीटर व्यास घेतला की पिस्टनची धाव जेमतेम ४० मिलिमीटर उरते. एवढ्या छोट्या अंतरात पिस्टन मिनिटाला २०,००० वेळा वर जाऊन खाली येतो, आणि प्रत्येक टोकाला क्षणभर पूर्ण थांबतो. त्या थांबण्याचा झटका पिस्टनला जोडलेली कनेक्टिंग रॉड, तिचे बोल्ट आणि बेअरिंग यांना सोसावा लागतो. हा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग २०,००० वरून १९,००० वर आणला की भार सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो, १८,००० वर आणला तर १९ टक्क्यांनी. शक्ती मात्र साधारण वेगाच्याच प्रमाणात कमी होते. थोडी शक्ती सोडली तर बरेच आयुष्य मिळते, हा सौदा इंजिन बनवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो.

नियामकांनी, म्हणजे मोटारशर्यतींच्या ‘एफआयए’ या जागतिक संघटनेने, नेमका तोच सौदा सर्वांवर लादला. २००७ मध्ये इंजिनाच्या वेगाची मर्यादा १९,००० झाली, २००९ मध्ये १८,०००, आणि त्याच वर्षी एका चालकाला पूर्ण हंगामासाठी आठच इंजिने. ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, पिस्टन हे सगळे कागदावर बंद झाले. इंधन, वंगण, एक्झॉस्टच्या नळ्या या गोष्टी मोकळ्या राहिल्या. आणि बंद भागांसाठी एक दार ठेवले गेले: विश्वासार्हता वाढवण्यासाठी, खर्च कमी करण्यासाठी किंवा इंजिन गाडीत बसवण्याच्या सोयीसाठी बदल करता येईल. कंपनीने कारणासह अर्ज करायचा, तो प्रतिस्पर्धी कंपन्यांनाही दाखवला जायचा, मग परवानगी.

ग्यानबाची मेख इथे आहे. विश्वासार्हता आणि शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्या कलमाने गृहीत धरले. कारखान्यात त्या वेगळ्या नसतातच. समजा, बेअरिंग झिजते म्हणून कोणी अर्ज केला आणि त्याला अधिक दणकट बेअरिंग वापरायची परवानगी मिळाली. आता त्याच बेअरिंगवर पूर्वीपेक्षा पातळ तेल चालू शकते. तेल पातळ झाले की घर्षण घटते आणि चाकापर्यंत जास्त शक्ती पोहोचते. पिस्टनला तडा जातो म्हणून पिस्टन मजबूत केला, की पूर्वी जिथे हात आखडता घ्यावा लागत होता तिथे ठिणगी थोडी लवकर पाडून जास्त शक्ती काढता येते. यात खोटे कोणी बोलत नाही. तडा खरा असतो, झीज खरी असते. पण दुरुस्ती झाली की मोकळी झालेली ताकद कोणीही कपाटात ठेवून देत नाही.

गोठवणुकीच्या पहिल्या दोन हंगामांत याचा परिणाम दिसला. रेनॉ या फ्रेंच कंपनीने नियम अक्षरशः पाळला आणि इतरांनी या दारातून बरीच ये-जा केली, असे तेव्हा पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, उघडपणे बोलले जात होते. २००८ च्या अखेरीस रेनॉचे आरएस२७ इंजिन मागे पडल्याचे मान्य करून २००९ साठी त्याला सुधारणेची मुभा द्यावी लागली. नियमाच्या शब्दाला जागणाऱ्याला आधी तोटा सोसावा लागला आणि मग सवलत मागावी लागली, हे मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही.

पुढे त्याच इंजिनाने रेड बुल संघाला २०१० ते २०१३ असे सलग चार वर्षे विजेतेपद मिळवून दिले. आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये झालेल्या तिन्ही शर्यती गोठवलेल्या व्ही-८ च्याच होत्या, आणि तिन्ही या इंजिनाच्या गाडीने जिंकल्या. एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता असलेल्या सर्किटवर, सर्वांत शक्तिशाली न समजले जाणारे इंजिन! शक्तीचा आकडा गोठला तेव्हा स्पर्धा दुसरीकडे सरकली होती. कमी इंधन पिणे, कमी थंडाव्यात भागवणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक्झॉस्टचा झोत हवा तिथे, हवा तेव्हा सोडणे.

या शेवटच्या मुद्द्यावरून २०११ च्या जुलैत इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला जे घडले ते सविस्तर सांगायला हवे, कारण ‘विश्वासार्हता’ या शब्दाचे सगळे गुंते त्या तीन दिवसांत उघडे पडले. एक्झॉस्टचा झोत मागच्या डिफ्यूझरवर (गाडीच्या तळाखालची हवा बाहेर काढणाऱ्या भागावर) सोडला की गाडी रस्त्याला अधिक चिकटते. अडचण अशी की वळणापाशी चालक पाय उचलतो, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, मिटतो, झोत मरतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी गाडी हलकी पडते. म्हणून इंजिनियरांनी सॉफ्टवेअरमध्ये सोय केली: पाय उचलला तरी थ्रॉटल उघडाच राहील. काहींनी नुसती हवा सोडली, तर काहींनी इंधनही सोडून ते एक्झॉस्टमध्ये जाळले. इंजिन आता शक्ती देण्याबरोबर वारा घालण्याचेही काम करू लागले.

नियामकांनी हंगामाच्या मध्यावर ठरवले की पाय पेडलवर नसताना थ्रॉटल दहा टक्क्यांहून जास्त उघडा नको. त्यावर रेनॉकडून उत्तर आले की त्यांच्या इंजिनात थ्रॉटल पूर्वीपासून असा उघडला जातो, कारण आत जाणारी हवा व्हॉल्व थंड ठेवते. त्याशिवाय इंजिन टिकणार नाही. त्यांना पन्नास टक्क्यांपर्यंत मुभा देण्याची तयारी दाखवली गेली. मर्सिडीजचे म्हणणे असे की त्यांचे इंजिन पाय उचललेला असताना काही सिलिंडरांत इंधन जाळण्याच्या हिशेबानेच जुन्या हंगामांपासून चालते, त्यामुळे त्यांनाही सूट हवी. बाकीचे खवळले. सरावापासून पात्रता फेरीपर्यंत सवलतींचे शब्द बदलत राहिले. सकाळी एक अर्थ, संध्याकाळी दुसरा. अखेर सर्व संघांनी एकमताने जुन्याच पद्धतीवर परत जायचे ठरवले, ती बंदी एका शर्यतीपुरती उरली आणि २०१२ पासून एक्झॉस्टचे तोंडच डिफ्यूझरपासून दूर नेण्यात आले.

या प्रकरणात कोणाला लबाड ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. व्हॉल्व खरोखर थंड होत होते. त्याच हवेने गाडी खाली दाबली जात होती, हेही खरे. एका क्रियेचे दोन परिणाम असताना ‘हे विश्वासार्हतेसाठी आहे का?’ हा प्रश्नच अपुरा होता. विचारायला हवे होते की याने आणखी काय साधते. तो प्रश्न नियमपुस्तकात नव्हता, आणि त्यानंतरच्या पुस्तकांतही तो नीटसा आला नाही.

२०१४ मध्ये १.६ लिटरचे टर्बो हायब्रिड आले. शर्यतीला १०० किलो इंधन, ताशी १०० किलोचा प्रवाह, चालकाला हंगामात इंजिनाचे पाच संच. या वेळी पूर्ण गोठवणुकीऐवजी टोकनची पद्धत होती. इंजिनाचे भाग ६६ टोकनांत वाटले आणि दर हिवाळ्यात ठरावीक टोकनांइतकाच बदल मान्य. मर्सिडीजच्या इंजिनाने पहिल्याच हंगामात १९ पैकी १६ शर्यती एका संघाला जिंकून दिल्या, आणि मागे राहिलेल्यांना टोकने मोजत त्याच्या मागे धावावे लागले. २०१५ च्या नियमांत तर आराखडा सादर करण्याची अंतिम तारीखच लिहायची राहिली होती. हे लक्षात आणून दिल्यावर त्या वर्षीच्या ३२ पैकी उरलेली टोकने हंगाम चालू असतानाही वापरता येतील असे मान्य करावे लागले. नव्याने आलेल्या होंडाला इतर तिघांच्या उरलेल्या टोकनांची सरासरी मिळाली. मर्सिडीजची ७, फेरारीची १० आणि रेनॉची १२, म्हणजे सरासरी साडेनऊच्या वर. पदरात पडली ९.

होंडाच्या त्या वर्षाबद्दल आजही हसत बोलले जाते, ते मला खटकते. बेल्जियमच्या शर्यतीत त्यांच्या दोन गाड्यांना मिळून १०५ जागांची शिक्षा झाली, आणि तीही २० गाड्यांच्या ग्रिडवर. इंजिन कमजोर होते म्हणून तुटायचे, तुटले म्हणून नवे लावायचे, नवे लावले म्हणून शिक्षा, आणि मुळातली चूक सुधारायला टोकने अपुरी. विकासावरची मर्यादा आणि इंजिनांच्या संख्येवरची मर्यादा एकाच वेळी एखाद्याच्या गळ्यात पडल्या की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही. २०१७ ला टोकन रद्द झाले. २०१८ ला मात्र २१ शर्यतींसाठी तीनच इंजिने उरली.

तीच होंडा २०२१ मध्ये विजेतेपद मिळवून बाहेर पडणार होती. तिचे इंजिन वापरणाऱ्या संघाला ते पुढे चालवायचे होते, पण विकासाचा खर्च पेलणारा नव्हता. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांनी एकमताने २०२२ पासूनची गोठवणूक मान्य केली. इंजिन, टर्बो आणि त्याला जोडलेला जनित्र-भाग १ मार्च २०२२ ला बंद, बॅटरी आणि उरलेले विद्युत भाग १ सप्टेंबरला. विश्वासार्हतेचे दार पूर्वीसारखेच उघडे.

आता सर्वांना तो धडा पाठ होता. वेगवान इंजिन टिकाऊ करता येते, टिकाऊ इंजिन वेगवान करणे अवघड, आणि गोठवणुकीत तर अशक्यच. म्हणून आधी शक्ती गोठवायची, मोडतोड नंतर अर्ज करून निस्तरायची. फेरारीने २०२२ ची सुरुवात तशीच केली आणि बार्सिलोना व बाकू या दोन्ही ठिकाणी आघाडीवरची गाडी इंजिनापायी थांबली. ऑस्ट्रियात दुसऱ्या गाडीने पेट घेतला. रेनॉनेही या वेळी तोच मार्ग धरल्याचे जाहीरपणे सांगितले. बिघाड सोसले, दुरुस्त्या केल्या, तरी २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांचेच इंजिन इतरांहून अशक्त असल्याचे दिसले आणि बरोबरी साधण्यासाठी मुभा द्यावी का, यावर कंपन्यांची बैठक झाली. एकमत झाले नाही. २००८ ला जे मिळाले होते ते या वेळी मिळाले नाही.

२०२६ च्या नियमांत विद्युत मोटर १२० किलोवॉटवरून ३५० वर गेली आहे आणि टर्बोवरचा जनित्र-भाग काढून टाकला आहे. मर्यादा या वेळी खर्चाच्या आहेत, शिवाय मागे पडलेल्यांसाठी लिखित तरतूदही आली. ठरावीक शर्यतींच्या टप्प्यांनंतर ज्वलन-इंजिनांची शक्ती मोजायची, आणि सर्वोत्तमाहून किमान दोन टक्के मागे असणाऱ्याला एक जादा सुधारणा, चार टक्क्यांपलीकडे असणाऱ्याला दोन. पंधरा वर्षे ज्यासाठी अर्जविनंत्या चालल्या होत्या, ते आता आकड्यांत बसवले गेले आहे.

पॅरिसच्या दक्षिणेला व्हिरी-शाटियों इथे रेनॉचा इंजिन कारखाना आहे. १९८६ मध्ये हवेच्या दाबावर चालणारे व्हॉल्व शर्यतीत आणणारा आणि त्यामुळे पुढच्या सर्व वेगवान इंजिनांचा मार्ग मोकळा करणारा हाच कारखाना. २०२५ च्या अखेरीस, ही तरतूद लागू होण्याच्या अगदी आधी, तिथले फॉर्म्युला वनच्या इंजिनांचे काम थांबले.