उगाच बोंबलणारी गाडी

गाडीच्या अलार्मने आजवर एकही चोर पाहिलेला नाही. त्याला डोळे नाहीत आणि चोर म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नाही. त्याच्यापाशी येऊन पोचतात त्या फक्त काही वायरी. त्यांतल्या एखाद्या वायरवरचं व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो सायरन सुरू करतो. दरवाजा खरोखर उघडला काय किंवा दरवाज्याच्या स्विचमध्ये पाणी शिरलं काय, त्याच्या लेखी दोन्ही एकच. त्यामुळे गाडी रात्री-अपरात्री ‘विनाकारण’ बोंबलते असं आपण म्हणतो ते तितकंसं खरं नसतं. कारण असतंच, फक्त ते चोराचं नसतं. आणि दुरुस्ती म्हणजे अलार्मला गप्प करणं नव्हे. कोणत्या वायरीने चुगली केली ते शोधून काढणं.

अशा वायरी किती असतात? प्रत्येक दरवाज्याची एक, डिकीची एक, बॉनेटची एक. शिवाय धक्का ओळखणारा सेन्सर, काही गाड्यांत आतल्या हालचालीवर लक्ष ठेवणारा, काहींत गाडी तिरकी झाली तर सांगणारा. या सगळ्या ‘किंवा’ने जोडलेल्या असतात: हा बोलला, किंवा तो, किंवा तो तिसरा, की सायरन वाजलाच. इथेच पहिली मेख आहे. प्रत्येक सेन्सरच्या चुका एकमेकांत मिळवल्या जातात. जास्त सेन्सर म्हणजे जास्त सुरक्षा हे जितकं खरं, तितकंच जास्त सेन्सर म्हणजे जास्त खोटा आरडाओरडा हेही खरं.

दुसरी मेख गणिताची. समजा, १००० रात्रींत एकदाच कुणी गाडीला हात लावायला येतं, आणि आपला अलार्म कुठल्याही रात्री ९९ टक्के बरोबर वागतो. म्हणजे उरलेल्या ९९९ रात्रींपैकी साधारण १० रात्री तो उगाच वाजणार आणि एकदा खऱ्या कारणाने. अकरा वेळा बोंब, त्यातला चोर एक. आकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत, पण हिशेब असाच चालतो. घटना दुर्मीळ असली की बऱ्यापैकी चांगलं यंत्रही बहुतेक वेळा चुकतच वाजतं. शेजारपाजारचे लोक सायरन ऐकून खिडकीतही येत नाहीत, त्याला त्यांचा आळस कारण नाही. त्यांनी हे गणित न मांडताच सोडवलेलं असतं.

आता प्रत्यक्ष गाडीकडे. खोट्या अलार्मची गाडी दुरुस्तीला नेली की पुष्कळदा पहिला हात जातो तो धक्क्याच्या सेन्सरच्या स्क्रूकडे. ‘सेन्सिटिव्हिटी कमी करून देतो.’ माझ्या मते हा हात फार लवकर जातो. सगळ्यांत आधी संशय घ्यावा तो सगळ्यांत बावळट भागाचा, म्हणजे बॉनेटखालच्या स्विचचा.

या स्विचचं आयुष्य हलाखीचं असतं. दरवाज्याचा स्विच रबरी पट्टीआड तरी असतो. हा बिचारा धूळ, चिखल, इंजिनाची धग आणि गाडी धुताना उडणारं पाणी सगळं सोसत उभा. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये स्प्रिंगवर बसलेला एक खुंटा असतो. बॉनेट बंद असलं की खुंटा दाबलेला राहतो आणि कॉन्टॅक्ट सुटलेले असतात. बॉनेट उचललं की खुंटा वर येतो आणि वायर बॉडीला, म्हणजे अर्थला टेकते. अलार्मला तेवढंच कळतं: वायर अर्थ झाली. चिखलाचं पाणी त्या फटीत साचलं तरी थोडा करंट अर्थला झिरपतो आणि अलार्मच्या मते बॉनेट उघडलेलं असतं. अनेक नव्या गाड्यांत हे उलट असतं. तिथे बॉनेट बंद असताना सर्किट जोडलेलं राहतं आणि उघडलं की तुटतं. वायर कापली तरी अलार्म वाजावा, हा त्यामागचा हेतू. पण मग कॉन्टॅक्टवर कार्बन धरला किंवा गंज चढला की सर्किट आपोआप तुटतं. एका रचनेला पाणी नडतं, दुसरीला गंज.

गंजाचा मुद्दा थोडा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. जुन्या गाड्यांत दरवाज्याचा स्विच थेट आतला दिवा पेटवायचा. ५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर करंट घेतो. एवढा करंट दर वेळी कॉन्टॅक्टमधून गेला की त्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर फुटत राहतो; स्विच वापरता वापरताच स्वच्छ होतो. आता त्याच जागी स्विच फक्त इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला, म्हणजे हे सगळं सांभाळणाऱ्या डबीतल्या सर्किटला, ‘उघडं’ की ‘बंद’ एवढाच निरोप देतो आणि त्यासाठी काही मिलिअँपिअर पुरतात. वीज वाचली, वायर बारीक झाली, सगळं छान. पण इतक्या क्षीण करंटला तो थर फोडता येत नाही. काम हलकं झाल्यामुळे स्विच आजारी पडतो, असा हा उफराटा प्रकार आहे. म्हणूनच ज्या कॉन्टॅक्टमधून फार कमी करंट जायचा असतो त्यांच्यावर पुष्कळदा सोन्याचा मुलामा देतात. सोन्याला गंज चढत नाही.

आणि मग हे नेमकं रात्रीच का? पोलादाची १ मीटर लांबीची पट्टी ३० अंश सेल्सिअसने थंड झाली की साधारण ०.३६ मिलीमीटरने आखडते. दिवसभर उन्हात तापलेलं बॉनेट पहाटेपर्यंत गार होतं, त्याखालचे रबरी टेकू कडक होतात, दव पडतं. स्विच नीट दाबला जात असेल तर या एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही. पण बॉनेट कधी काढून बसवताना जरा वर राहिलं असेल, खुंटा जेमतेमच दाबला जात असेल, तर पहाटे तीनला तोल जातो. सकाळी ऊन आलं की सगळं पुन्हा जागेवर. मेकॅनिक दुपारी पाहतो तेव्हा गाडी अगदी शहाण्यासारखी उभी असते.

याची परीक्षा सोपी आहे. अलार्म लावा, अर्धा-एक मिनिट थांबा, आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर तळहाताने हळूच दाब देऊन सोडा. वाजला तर बहुतांशी चोर सापडला. बॉनेटच्या कडेचे रबरी टेकू फिरवून उंची थोडी कमी करणं, स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने धुणं, कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून आतल्या पिना पाहणं, इतकं घरी होतं. मुलाम्याचे कॉन्टॅक्ट पॉलिशपेपरने घासू नका. मुलामा एकदा निघाला की खालचा धातू लवकर खराब होतो. स्विच लॅचमध्येच, म्हणजे बॉनेट अडकवणाऱ्या खटक्यातच, बंदिस्त असेल तर क्लीनरच्या फवाऱ्याचा गुण काही आठवडे टिकतो, मग लॅच बदलावाच लागतो. दरवाज्यांचंही तेच. गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा ‘दरवाजा उघडा’ हा दिवा खड्ड्यात क्षणभर लुकलुकत असेल, तर रात्रीच्या बोंबेचं उत्तर त्या लुकलुकण्यातच आहे.

दुसरा संशयित बॅटरी. लेड-अॅसिड बॅटरीत सहा घटक असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. पूर्ण चार्ज होऊन विसावलेली बॅटरी म्हणून १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरलेली, १२ म्हणजे तळाशी आलेली. मल्टिमीटरवर अर्ध्या व्होल्टचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण भरलेल्या आणि रिकामी होत आलेल्या बॅटरीत अंतर एवढंच असतं. काही अलार्म व्होल्टेजमधली अचानक घट म्हणजे कुणीतरी आतला दिवा लावला किंवा बॅटरीची वायर सोडवली असं समजतात. जुन्या काही अलार्मची तर मजा होती: इंजिन बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा गरमीमुळे आपोआप फिरू लागला की त्या ओढीने व्होल्टेज पडायचं आणि गाडी आपल्याच पंख्याला चोर समजून ओरडायची. थकलेल्या बॅटरीत ही घसरण आणखी मोठी होते.

यातून एक दुष्टचक्र सुरू होतं. बंद गाडीचा सगळा मिळून करंट साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तेवढा धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. त्यावर प्रत्येक बोंबेला चारही इंडिकेटर लुकलुकतात. २१ वॅटचे चार दिवे पेटले की तेच ७ अँपिअर घेतात, हॉर्नचे वेगळे. बॅटरी कमजोर म्हणून अलार्म वाजतो, आणि वाजला म्हणून बॅटरी आणखी कमजोर. गाडी आठवडाभर उभी होती आणि सहाव्या-सातव्या रात्रीपासून त्रास सुरू झाला, असं असेल तर आधी बॅटरीच तपासा.

रिमोटचा सेल मात्र मी फारसा दोषी धरत नाही. तो संपत आला की अलार्म बंद करताना पंचाईत होते. आपण कुलूप उघडलं असं समजून दरवाजा खेचतो आणि सायरन वाजतो, एवढंच. उभ्या गाडीत मध्यरात्री बोंब मारायला लावणं त्याच्या हातात सहसा नसतं.

आतल्या हालचालीचा सेन्सर हा माझ्या आवडीचा, कारण त्यात १८४२ साली ख्रिस्तिआन डॉप्लरने मांडलेली कल्पना राबते. छताजवळचं छोटं यंत्र बहुधा ४० किलोहर्ट्झचा, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज केबिनमध्ये सोडत राहतं आणि परतणारा प्रतिध्वनी ऐकतं. सगळं स्थिर असेल तर प्रतिध्वनीही ४० किलोहर्ट्झचाच. पण फुटलेल्या काचेतून एखादा हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत आला की प्रतिध्वनी सुमारे ११७ हर्ट्झने बदलतो. तो बदल पकडायचा, की झालं.

अडचण अशी की या ध्वनीची तरंगलांबी असते ८.६ मिलीमीटर, म्हणजे साधारण एखाद्या कोळ्याएवढी. आणि लहान वस्तूकडून येणाऱ्या प्रतिध्वनीची तीव्रता अंतराच्या चौथ्या घाताने घटते: ध्वनी जाताना पसरतो, येताना पुन्हा पसरतो. म्हणजे तोच कोळी सेन्सरपासून ५० सेंटिमीटरऐवजी ५ सेंटिमीटरवर आला तर त्याचा प्रतिध्वनी १०,००० पट जोरदार होतो. छताच्या कोपऱ्यात जाळं विणणारा कोळी सेन्सरच्या तोंडापाशी फिरला की यंत्राला तो माणसाच्या हातासारखा भासू शकतो. आरशाला लटकवलेली शोभेची वस्तू, अर्धवट उघडी राहिलेली काच, तिच्यातून आलेल्या झुळकेने हलणारा पडदा, उन्हाने केबिनमध्ये उठणारे गरम हवेचे भोवरे, सगळे याच वर्गातले. उपाय म्हणजे काचा पूर्ण बंद, लटकन काढलेलं आणि सेन्सरच्या जाळीवरून मऊ ब्रश. अनेक गाड्यांत हा सेन्सर तेवढ्या वेळेपुरता बंद करायची सोय असते. गाडीत कुत्रं ठेवून जायचं असेल, किंवा गाडी बोटीवर चढवली असेल, तेव्हासाठी. ती सोय इथे तपासणीला उपयोगी पडते: एक रात्र हा सेन्सर बंद ठेवून बघा. शांतता मिळाली तर मामला केबिनच्या आतला.

आणि शेवटी तो धक्क्याचा सेन्सर, ज्याच्याकडे सगळे आधी जातात. यात पुष्कळदा पिएझो पदार्थाची चकती असते. दाबली-वाकली की ती स्वतःच व्होल्टेज निर्माण करते. स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. काच फोडण्याचा धक्का क्षणभराचा आणि तीक्ष्ण असतो. जवळून ट्रक गेला तर गाडी स्प्रिंगवर सावकाश डुलते, सेकंदाला एक-दीड वेळा, आणि त्यावर एक्झॉस्टची जाड घरघर असते. चांगला सेन्सर हे दोन वेगळे ओळखतो. पण तो कुठे नि कसा बसवलाय त्यावर खूप अवलंबून आहे. डॅशबोर्डखाली वायरींच्या जुडग्याला नुसता बांधून ठेवलेला सेन्सर प्रत्येक हादऱ्यात स्वतःच हेलकावे खातो आणि त्यालाच धक्का समजतो. त्याला पक्क्या धातूवर घट्ट कसलं की बऱ्याचदा स्क्रूला हात लावायची वेळच येत नाही. आली, तर एका वेळी किंचितच फिरवा आणि दर वेळी दरवाज्याच्या खांबावर मुठीने टकटक करून पाहा. डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या कपलरच्या वायरींपासून दूर राहा, त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

शोध घेताना स्क्रूड्रायव्हरपेक्षा वही जास्त कामाला येते. किती वाजता, पाऊस होता का, वारा होता का, गाडी किती दिवस उभी होती. पुष्कळ अलार्म बंद करताना डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या लुकलुकण्यातून कुठल्या सेन्सरने वाजवलं ते सांगतातही. किती लुकलुकण्यांचा काय अर्थ, ते पुस्तिकेत असतं. आणखी एक खूण कानांनी नाही, डोळ्यांनी टिपायची: सायरन ओरडत असताना इंडिकेटर लुकलुकतायत का? सायरन चालू आणि दिवे मख्ख असतील तर बहुधा मॉड्यूलने हुकूम दिलेलाच नाही, सायरन आपल्या मनाने ओरडतोय. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने मुख्य बॅटरी तोडली तरी वाजत राहावं म्हणून. काही वर्षांनी तिचे सेल झिरपतात, बाहेर आलेला क्षार सर्किटच्या तांब्याच्या रेघा खातो आणि सायरनला वाटतं आपला वीजपुरवठा कुणीतरी कापला. अशा गाडीत वैतागून मुख्य बॅटरीचं टर्मिनल काढलंत तर आवाज थांबत नाही. उलट आता मात्र त्याचा वीजपुरवठा खरोखरच कापला गेलेला असतो, आणि कापणारे आपण असतो.